सनमायकाचे आजोबा : लिओ बेकलँड

खोलीत हीटर लावायला बंदी आहे हे मला चांगलं माहीत होतं. पण गोंदियाची डिसेंबरची थंडी काय चीज आहे हे बाहेरून आलेल्याला सांगून समजत नाही. विदर्भात सर्वांत कमी तापमान गोंदियात, ही बातमी दर हिवाळ्यात पेपरात दोन-चार वेळा येतेच. अशाच एका रात्री बाराच्या सुमारास आम्ही तिघांनी मॅगीचा कार्यक्रम ठरवला. हीटर खाली फरशीवर, त्यावर गंज. मॅगी झाली, उकळता गंज उचलून सरळ टेबलावर ठेवला. टेबलाच्या सनमायकाला काही म्हणजे काही झालं नाही. सकाळी ओल्या फडक्यानं पुसलं की डागसुद्धा गायब. चार-पाच दिवस हे असंच चाललं आणि आमची हिंमत वाढली. एका रात्री फरशी फारच गार लागते म्हणून आम्ही हीटरच टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पोळीएवढा तपकिरी गोल उमटला होता. दोन दिवसांनी त्या जागी फोड आल्यासारखा सनमायका वर आला आणि आठवड्याभरात जवळची कडसुद्धा उचकटली. पुढचं काय सांगायचं! दंड तिघांत वाटून भरला.

टेबल दुरुस्त करायला जे सुतारकाका आले त्यांना मी विचारलं, की काका, उकळत्या गंजानं काही झालं नाही, मग हीटरनंच का जळलं? ते हसले आणि म्हणाले की इंजिनिअरिंग तुम्ही शिकून राहिले, मी नाही. बोलणं खरं होतं आणि लागलंही. मग मी लायब्ररीत बसलो, नेट धुंडाळलं. सनमायकाबद्दल शोधायला गेलो आणि सापडला एक माणूस, ज्यानं स्वतः एकही सनमायका बनवला नाही. आणि गंमत अशी की त्या माणसाची गोष्ट फिरून आपल्या गोंदियाच्या जंगलातच येऊन पोचते. म्हणून हा लेख.

लिओ हेंड्रिक बेकलँड यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८६३ रोजी बेल्जियममधल्या गेंट शहरात झाला. वडील जोडे शिवणारे आणि दुरुस्त करणारे, आई श्रीमंतांच्या घरी कामाला जाणारी. वडिलांना शिक्षणाचं फारसं कौतुक नव्हतं. पोरानं लवकर धंद्याला लागावं एवढंच त्यांना वाटे. पोरानं शिकलंच पाहिजे हा हट्ट आईचा. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरची ही गोष्ट आहे, त्यामुळे यावर जास्त लिहीत नाही. गेंट शहराच्या शिष्यवृत्तीवर लिओ विद्यापीठात गेले आणि १८८४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, सर्वोच्च श्रेणीत डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. आपण एकविसाव्या वर्षी एम-थ्रीचा बॅकलॉग काढत असतो.

विद्यापीठात शिकवत असताना ते आपल्याच प्राध्यापकांच्या, थिओडोर स्वार्ट्स यांच्या, मुलीच्या प्रेमात पडले. प्राध्यापक साहेबांना जावई थोर प्राध्यापक व्हायला हवा होता आणि जावयाचं लक्ष फोटोग्राफीच्या रसायनांकडे, म्हणजे धंद्याकडे. १८८९ साली सेलीनशी लग्न झालं आणि प्रवासाच्या शिष्यवृत्तीवर दोघं अमेरिकेला गेले. न्यूयॉर्कमध्ये फोटोचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली. मग परत जायचा विषयच राहिला नाही.

दोन वर्षांत नोकरी सोडून त्यांनी स्वतंत्र सल्लागार म्हणून काम सुरू केलं आणि इथे ते चांगलेच आपटले. एकाच वेळी पाच-सहा शोध हातात, एकही पुरा नाही. त्यात मोठं आजारपण आलं. पैसे संपले, डोक्यावर कर्ज झालं. अंथरुणात पडल्या पडल्या त्यांनी हिशोब मांडला आणि ठरवलं की आता एकच गोष्ट धरायची, जी लवकरात लवकर पैसे देईल. ती गोष्ट म्हणजे वेलॉक्स नावाचा फोटोचा कागद. तोपर्यंत फोटो छापायला ऊन लागायचं, ढग आले की काम बंद. वेलॉक्सवर दिव्याच्या उजेडात फोटो छापता येत असे. १८९३ मध्ये भागीदाराबरोबर कंपनी काढली, नेमकी त्याच वर्षी अमेरिकेत मंदी आली. फोटोवालेही जुनी सवय सोडायला तयार नव्हते. पण हळूहळू कागद चालायला लागला, इतका की कोडॅकचे मालक जॉर्ज ईस्टमन यांनी १८९९ साली तो सगळा धंदाच विकत घेतला. किंमत साडेसात लाख डॉलर झाली असं म्हणतात. बेकलँड मनात पन्नास हजार मागायचे ठरवून गेले होते आणि पंचवीसवरही तयार झाले असते, असाही किस्सा सांगतात. खरा-खोटा देव जाणे. पण छत्तिसाव्या वर्षी हा माणूस आयुष्यभर बसून खाईल इतका श्रीमंत झाला हे नक्की.

आणि बसून खाल्लं नाही! योंकर्स गावात त्यांनी हडसन नदीकाठी मोठं घर घेतलं आणि आवारातल्या एका जुन्या कोठाराची प्रयोगशाळा केली. मधल्या काळात जर्मनीला जाऊन इलेक्ट्रोकेमिस्ट्री नव्यानं शिकून आले. म्हणजे डॉक्टरेट आणि करोड दोन्ही खिशात असताना पुन्हा विद्यार्थी झाले. मला या माणसाचा सगळ्यात जास्त आवडलेला भाग हा आहे.

आता आपल्याकडे येऊ. १९०० च्या आसपास जगभर वीज पसरत होती. तारा, मोटारी, स्विच, ट्रान्सफॉर्मर, सगळ्यांना इन्सुलेशन लागे. त्यासाठी वापरत शेलॅक, म्हणजे शुद्ध केलेली लाख. ग्रामोफोनच्या तबकड्याही लाखेच्याच, फर्निचरचं पॉलिशही लाखेचं. आणि जगातली बहुतेक लाख जात होती आपल्या देशातून. लाखेचा किडा पळस, कुसुम आणि बोरीच्या कोवळ्या फांद्यांवर बसतो, रस शोषतो आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतो. फांदी तोडायची, कवच खरवडायचं, धुवायचं, वितळवून पातळ पापुद्रे काढायचे. आपल्या जिल्ह्यातल्या जंगलातून हे काम कित्येक पिढ्या चालत आलं आहे. गोंद आणि लाख विकायला आणणाऱ्या लोकांवरून गोंदिया हे नाव पडलं असंही आपल्याकडे सांगतात. माझे आजोबा सालेकसा भागातले. पळसाच्या फांदीवरची लाख काढताना बोटं कशी चिकट व्हायची, हे ते अजून सांगतात.

किड्याच्या वेगावर कारखान्याचा वेग कसा चालणार? मागणी वाढली, भाव चढले. बेकलँडना हे दिसलं. प्रयोगशाळेत बनवलेली लाख मिळाली तर? हाच तो प्रश्न, ज्यातून पुढे आपलं टेबल आलं.

फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड एकत्र केले की चिकट राळ तयार होते हे बायर या जर्मन शास्त्रज्ञानं १८७२ सालीच पाहिलं होतं. पण ती राळ भांड्याला जी चिकटायची ती कशातच विरघळायची नाही. काचेचं भांडं फेकूनच द्यावं लागे. त्यामुळे बऱ्याच जणांनी हात लावून सोडून दिला. बेकलँड आणि त्यांचा मदतनीस थर्लो यांनी आधी सगळे करतात तेच केलं, विरघळणारी राळ शोधली. तसा एक पदार्थ त्यांनी बनवलाही, नाव ठेवलं नोव्होलॅक. लाखेची नक्कल म्हणून ठीक होता, पण बाजारात चालला नाही.

मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. जो पदार्थ विरघळत नाही, वितळत नाही, तो बिघडलेला माल कशाला समजायचा? तोच तर हवा! त्याचा गुणधर्म तोच आहे. फक्त तो भांड्यात जमून बसायच्या आधी आपल्याला हव्या त्या आकारात जमायला पाहिजे.

जून १९०७ मधले त्यांचे प्रयोग लाकडापासून सुरू झाले हे मला वाचताना फार मजेशीर वाटलं. मऊ लाकडात फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड मुरवायचं, बंद नळीत तापवायचं, म्हणजे लाकूड टणक होईल, असा विचार. लाकडापेक्षा नळीत बाजूला जमलेला पदार्थच जास्त टणक निघाला. पुढची अडचण बुडबुड्यांची. तापवलं की वाफ सुटून राळ पावासारखी फुगायची. तापमान कमी ठेवलं तर तासन् तास जमायची नाही. दुसरे लोक तापमान कमी करत बसले होते. बेकलँडनी तापमान वाढवलं, दीडशे अंशांच्या आसपास नेलं, आणि त्याबरोबर दाबही दिला, म्हणजे वाफेला बुडबुडा करायला जागाच नाही. प्रेशर कुकरचीच आयडिया म्हणा ना. त्यासाठी केलेल्या लोखंडी भांड्याला त्यांनी बेकेलायझर नाव दिलं. तसं एक जुनं भांडं आजही अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

पदार्थाच्या तीन अवस्था त्यांनी पाडल्या. पहिली पातळ. दुसरी घट्ट, पण तापवली तर थोडी मऊ पडणारी. तिसरी शेवटची, जिच्यात सगळे रेणू एकमेकांत जाळ्यासारखे गुंतून बसतात आणि मग पुन्हा काही केलं तरी वितळत नाही. पॉलिमरच्या तासाला थर्मोप्लास्टिक आणि थर्मोसेट असं आपण पाठ करतो ना, त्यातलं थर्मोसेट हे. मेण आणि पोळी असा फरक आहे. मेण कितीदाही वितळवा. पोळी एकदा भाजली की तिची पुन्हा कणीक होत नाही, फार तापवलं तर करपते.

१३ जुलै १९०७ रोजी त्यांनी पेटंटचा अर्ज केला. इंग्लंडमध्ये जेम्स स्विनबर्न नावाचे इंजिनिअर हेच करत होते, त्यांचा अर्ज एका दिवसानं मागे पडला म्हणतात. पण दोघं भांडत बसले नाहीत. पुढे बेकेलाइटची ब्रिटिश कंपनी निघाली तेव्हा तिचे अध्यक्ष हेच स्विनबर्न झाले. १९०९ च्या फेब्रुवारीत बेकलँडनी आपला शोध न्यूयॉर्कच्या रसायनशास्त्रज्ञांसमोर मांडला, डिसेंबरात पेटंट हातात पडलं, १९१० मध्ये कंपनी उभी राहिली. पदार्थाला नाव दिलं बेकेलाइट. टेलिफोन, रेडिओचे डबे, मोटारीचे भाग, सगळीकडे तो गेला. आपल्या घरचे जुने काळे स्विच आठवा. कुकरचं काळं हँडल आठवा, त्याच घराण्यातलं.

आता सनमायका. १९१२ साली वेस्टिंगहाउस कंपनीत काम करणाऱ्या डॅनियल ओ'कॉनर या तरुण इंजिनिअरनं बेकेलाइटच्या राळेत कापड भिजवून, गुंडाळून, दाबून पक्का पत्रा तयार केला. हेतू होता अभ्रकाऐवजी विजेचं इन्सुलेशन. त्यानं आणि हर्बर्ट फेबरनं नोकरी सोडली आणि १९१३ मध्ये सिनसिनाटीत कंपनी काढली. अभ्रकाला इंग्रजीत मायका, त्याच्याऐवजी म्हणून नाव फॉर्मायका. आपल्याकडे सनमायका हे एका ब्रँडचं नाव सगळ्यांचंच झालं, तेव्हा त्याच्या शेपटीतला मायका कुठून आला ते कळलं असेल. सनमायकात अभ्रक अजिबात नसतं!

असतो तो कागद. निम्म्याहून जास्त कागदच. क्राफ्ट कागदाचे थर फिनॉलच्या राळेत भिजवून वाळवतात, म्हणजे राळ बेकलँडच्या दुसऱ्या अवस्थेत येते. वर नक्षीचा कागद. मग प्रेसमध्ये सव्वाशे-दीडशे अंश आणि जबर दाब. थर एकजीव होतात आणि राळ तिसऱ्या अवस्थेत जाते. म्हणजे प्रेस हाच मोठा बेकेलायझर. एक अडचण राहिली होती, फिनॉलची राळ तपकिरी असते, तिच्यात रंग खुलत नाही. १९३८ पासून वरच्या थराला मेलामाइनची राळ वापरू लागले. ती पारदर्शक आणि जास्त कडक. सनमायकाचा तुकडा उलटा करून पाहा, मागची तपकिरी बाजू बेकलँडची आहे.

आता माझ्या टेबलाचं कोडं सुटतं. गंजाचं बूड फार तर शंभर अंशांच्या आसपास. चांगल्या लॅमिनेटची प्रमाणित चाचणी अशी असते की १८० अंशांपर्यंत तापवलेलं भांडं वीस मिनिटं पृष्ठभागावर ठेवायचं आणि मग किती डाग पडला ते पाहायचं. उकळत्या पाण्यात तुकडा दोन तास बुडवून वजन आणि जाडी किती वाढली तेही पाहतात. त्यामुळे मॅगीचा गंज म्हणजे काहीच नाही. हीटरची तार लाल दिसते म्हणजे ती पाचशेच्या वर गेलेली असतेच, आणि तासभर ती धग एकाच जागी. राळ वितळली नाही, करपली. आणि खालचा फेविकॉलसारखा गोंद थर्मोसेट नसतो, तो तापला की मऊ पडतो, म्हणून फोड आला. सिगारेटच्या चटक्यासाठी अमेरिकेत १९३१ मध्ये वरच्या थराखाली धातूचा पातळ पत्रा घालायची युक्तीही काढली होती, धग एका जागी न साठता पसरावी म्हणून. आमच्या टेबलात ती नव्हती, असती तरी आम्ही तिलाही हरवलं असतं.

थंडीचं काय? थंडीनं सनमायका तडकतो असं मला वाटायचं. खरं कारण थंडीपेक्षा हवेचा कोरडेपणा आहे. आत कागद आहे, तो दमट हवेत फुगतो आणि कोरड्या हवेत आक्रसतो, लांबीपेक्षा रुंदीत जवळजवळ दुप्पट. आपल्याकडे मेमध्ये ४५ च्या वर कोरडी आग, जुलैत कपडे वाळत नाहीत, डिसेंबरात पुन्हा ओठ फुटतात. तीन ऋतूंत सनमायका तीन वेळा हलतो. त्याला अडवलं की आतल्या चौकोनी कोपऱ्यातून चीर जाते, म्हणून कोपरा गोल कापायचा. आणि फळीच्या एकाच बाजूला लावला तर फळी धनुष्यासारखी वाकते. सुतारकाकांनी टेबलाच्या खालच्या बाजूलाही स्वस्तातली शीट चिकटवली तेव्हा आम्हाला वाटलं बिल वाढवताहेत. शिवाय शीट आणल्यावर दोन दिवस खोलीतच उभी ठेवली, लावलीच नाही. ते बरोबर होते. शीटला आणि फळीला आधी एकाच हवेची सवय व्हायला हवी.

बेकलँडचं पुढचं आयुष्य थोडक्यात सांगतो. नक्कल करणाऱ्या कंपन्यांशी कोर्टकज्जे झाले आणि १९२२ मध्ये त्यातल्या दोघी बेकेलाइट कंपनीतच विलीन झाल्या. १९२४ साली ते अमेरिकन केमिकल सोसायटीचे अध्यक्ष झाले, त्याच वर्षी टाइमच्या मुखपृष्ठावर आले. पण घरी सगळं गोड नव्हतं. एक मुलगी लहानपणीच गेली होती. मुलगा जॉर्ज यानं कंपनी पुढे चालवावी ही इच्छा पुरी झाली नाही. १९३९ मध्ये कंपनी युनियन कार्बाइडला विकून ते बाजूला झाले. म्हातारपणी स्वभाव विक्षिप्त झाला, माणसं नकोशी झाली, जेवणसुद्धा डब्यातलं, थेट डब्यातूनच. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बीकन इथे ते वारले.

त्यांना वाईट म्हणावं असं मला वाटत नाही, पण एक गोष्ट मनातून जात नाही. त्यांची पहिली इच्छा होती लाखेला पर्याय. तो मिळाला. विजेच्या कामातून लाख हळूहळू गेली, १९५० नंतर प्लास्टिकच्या तबकड्या आल्या आणि ग्रामोफोनमधूनही गेली. योंकर्सच्या कोठारातल्या प्रयोगाचा भाव पळसाखाली उभ्या असलेल्या माणसाला मोजावा लागला, आणि त्याला बेकलँड हे नावही माहीत नव्हतं. लाख संपली मात्र नाही. रांचीजवळ नामकुमला १९२४ पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे. बांगड्यांना, गोळ्या-चॉकलेटच्या चकाकीला, औषधाच्या गोळ्यांच्या आवरणाला अजून लाख लागते, कारण ती पोटात गेली तरी चालते. बेकेलाइट खाता येत नाही.

उन्हाचं मात्र उलटं आहे. लाख साठ-सत्तर अंशांपलीकडे मऊ पडते, आणि पळसावरचा किडा तर त्याच्या कितीतरी आधी, आपल्या मेच्या उन्हातच मरतो. वैशाखीचं पीक त्यामुळेच हातचं जातं. आजोबांना मी हे सगळं सांगितलं, सनमायकाचा तपकिरी तुकडा दाखवला. त्यांनी नखानं खरवडून पाहिला, नाकाशी नेला आणि विचारलं की याला कोणत्या झाडावरून काढतात.

सुतारकाकांनी उरलेली शीट आम्हाला देऊन टाकली होती. तिचा हातभर तुकडा अजून खोलीत आहे. मेसमधून आणलेला गरम डबा आम्ही त्यावर ठेवतो. हीटर जप्त झालाय.